पानावरची काळोखी आणि पोटातलं नत्र : नाशिक जिल्ह्यातील कृषी सेवा केंद्रचालकांना खुले पत्र

प्रति,
नाशिक जिल्ह्यातील सर्व कृषी सेवा केंद्रचालक बंधू-भगिनी

विषय : गहू, कांदा आणि द्राक्षाला नत्र (नायट्रोजन) देताना काउंटरवरून मिळणाऱ्या सल्ल्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी निफाड तालुक्यात शेती करते. अडीच एकर द्राक्षबाग, एक एकर गहू, बाकीच्या रानात पावसाळ्यात सोयाबीन आणि त्यामागून उन्हाळ कांदा. हे पत्र कुणा एका दुकानदाराला उद्देशून नाही. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या उधारीवर माझ्यासारख्यांचे हंगाम निघालेत. गारपिटीच्या वर्षी वसुलीला दारात न येणारेही तुमच्यातलेच होते, ते मी विसरलेले नाही. म्हणूनच जे बोलायचं ते सगळ्यांसमोर आणि स्पष्ट बोलते.

गेल्या रब्बीत गव्हाला पहिलं पाणी द्यायच्या आदल्या संध्याकाळी मी युरिया घ्यायला गेले होते. पॉस मशीन अंगठा घेत नव्हतं, म्हणून थांबावं लागलं. काउंटरजवळ बसलेला एक विक्री प्रतिनिधी समोरच्या तरुण पोराला समजावत होता, "दादा, हवेत कार्बन वाढलाय. कार्बन म्हणजे पिकाचं अन्न. आता फक्त युरियाचा हात सैल सोडा, एकाच्या जागी दोन गोण्या टाका. पान असं रुंद होईल, अशी काळोखी येईल की शेजारचा विचारायला येईल." तो पोरगा दोन गोण्या आणि टॉनिकची एक बाटली मोटारसायकलवर बांधून गेला. मी तेव्हा काही बोलले नाही. दुसऱ्याच्या दुकानात, दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाला काय सांगायचं, असं वाटलं. ते गप्प बसणं वर्षभर मनात राहिलंय.

त्या बोलण्यातलं निम्मं खरं होतं. सगळंच खोटं असतं तर लोकांनी एका हंगामात ते सोडून दिलं असतं.

खरं काय, ते आधी सांगते. हवाई बेटांवरच्या मौना लोआ डोंगरावर १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आपला कर्बवायू, मोजतात. मोजायला सुरुवात झाली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो ३१५ च्या आसपास होता, आता ४२० च्या वर गेलाय. कारखाने येण्याआधीच्या काळात तो २८० च्या जवळपास असायचा. म्हणजे माझ्या आजेसासऱ्यांनी मोटेच्या पाण्यावर काढलेला गहू आणि मी आज काढते तो गहू, रान एकच असलं तरी एका हवेत वाढलेले नाहीत. गहू, भात, कांदा, द्राक्ष, टोमॅटो, सोयाबीन, हरभरा ही पिकं या बाबतीत एका कुळातली. त्यांच्या पानात रुबिस्को नावाचं विकर (एन्झाइम) असतं. हवेतला कर्बवायू धरून त्याची साखर करायची, या कामाला पहिला हात तेच लावतं. त्याला एक खोड आहे. अधूनमधून ते कर्बवायूच्या जागी प्राणवायूच धरून बसतं आणि मग पानाने केलेल्या कमाईतला काही भाग वाया जातो. हवेत कर्बवायू वाढला की ही चूक कमी होते आणि पान जास्त साखर करतं. शिवाय पानावरची रंध्रं थोडी मिटलेली राहिली तरी पुरेसा वायू आत येतो, त्यामुळे पाणीही कमी उडतं. इथपर्यंत तो प्रतिनिधी बरोबर बोलत होता.

पण नुसती साखर झाली म्हणून पान वाढत नाही. पान वाढायचं म्हणजे नव्या पेशी तयार व्हायला हव्यात, त्यांच्यात हरितद्रव्य भरायला हवं, तो रुबिस्को भरायला हवा, आणि यातलं एकही काम नत्रावाचून होत नाही. गव्हासारख्या पिकाच्या पानात जेवढं नत्र असतं, त्यातला साधारण पाव हिस्सा एकट्या रुबिस्कोत गुंतलेला असतो. बागेला माल भरपूर लागावा आणि ऐन थिनिंगच्या (घडातले जादा मणी काढायच्या) वेळी मजूर मिळू नयेत, तशी नत्र कमी पडलेल्या पानाची अवस्था होते. साखर आलेली असते, तिचं पुढे काही करायला हात नसतात. मग ती पानातच पिष्ट होऊन साचते. पान जाड होतं, पण लांबी-रुंदी धरत नाही. फुटवे थांबतात. त्याच्याही पुढे, पान स्वतःहून रुबिस्को कमी करायला लागतं, आणि जास्तीच्या कर्बवायूने सुरुवातीला आलेला जोर काही आठवड्यांत ओसरतो.

हे वाचून कळायच्या आधी मी माझ्या रानात पाहिलं होतं. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पहिल्या पाण्याच्या वेळी धाकटे दीर गव्हात युरिया फेकत होते. मध्येच फोन आला, ते बोलत बोलत पुढे गेले आणि पाच-सहा पावलं रुंदीचा एक पट्टा तसाच राहिला. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. पंधरा दिवसांनी तो बांधावरून दिसायला लागला, जसा हिरव्या लुगड्यावर विटका जोड. मी मुलीच्या दप्तरातली फूटपट्टी घेऊन वाफ्यात उतरले. युरिया पडलेल्या बाजूला एकेका रोपाला पाच-पाच फुटवे होते. वरून दुसरं पान २४ सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटर रुंद भरलं. राहिलेल्या पट्ट्यात दोन फुटवे, तिसरा सुईसारखा. तेच पान १७ सेंटिमीटर आणि रुंदी जेमतेम एक. खालची पानं शेंड्याकडून पिवळी पडत आली होती, कारण नत्र तुटलं की रोप जुन्या पानातलं काढून नव्या पानाला घालतं आणि पिवळेपणा खालून वर चढतो. त्या पट्ट्यातलं एक पान बोटांत धरून मोडलं तर कडक लागलं, कागदासारखं वाजलं.

दोन्ही बाजूंना हवा एकच होती. वारा काही पट्टा बघून वाहत नाही. कर्बवायू दोघांना सारखाच मिळाला, आणि ज्याला नत्र मिळालं त्यालाच त्याचं पान करता आलं.

हीच गोष्ट मोठ्या मापात अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, मॅरिकोपा इथं करून पाहिलेली आहे. उघड्या शेतात गव्हाभोवती नळ्यांचं मोठं कडं करायचं, त्यातून कर्बवायू सोडायचा आणि आतल्या पिकाला काही दशकांनंतरची हवा आजच द्यायची, असा तो प्रयोग. काचघर नाही, कुंडी नाही, खरं रान. १९९५-९६ आणि १९९६-९७ या दोन हंगामांत त्यांनी नत्रही बदलून पाहिलं. एकीकडे हेक्टरी ३५० किलो, दुसरीकडे पहिल्या वर्षी ७० आणि दुसऱ्या वर्षी फक्त १५. नत्र भरपूर होतं तिथे वाढीव कर्बवायूने उत्पादन साधारण सहाव्या हिश्शाने वाढलं. नत्र तुटपुंजं होतं तिथे तो फायदा जवळपास निम्म्यावर आला. दाण्याच्या प्रतीचंही तसंच झालं. नत्र पुरेसं असताना वाढीव कर्बवायूने प्रथिनात फारसा फरक पडला नाही. नत्र कमी होतं तिथे दाणा आधीच निकस होता, तो आणखी निकस झाला.

या प्रतीच्या मुद्द्यावर मला थोडं थांबायचंय, कारण बाजारात तो कुणी मोजत नाही. आपण गहू क्विंटलवर विकतो. प्रथिन, लोह, जस्त यांचा भाव कुठल्या बाजार समितीत निघत नाही. २०१४ मध्ये नेचर या विज्ञानपत्रिकेत एक मोठा अभ्यास आला. जपान, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या अशाच उघड्या शेतातल्या प्रयोगांचे आकडे त्यात एकत्र केले होते. या शतकाच्या मध्याच्या सुमारास हवेत जेवढा कर्बवायू असेल असा अंदाज आहे, तेवढा दिल्यावर गव्हातलं जस्त ९.३ टक्के, लोह ५.१ टक्के आणि प्रथिन ६.३ टक्के कमी भरलं. भातात प्रथिन ७.८ टक्क्यांनी घटलं. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आकडा आहे. आमच्या शेजारणी, भावजया, बागेत डिपिंगला (घड औषधात बुडवायला) येणाऱ्या बाया, या सगळ्या त्यात आल्या. त्यांच्या ताटातल्या पोळीतून लोह आणखी पाच टक्के गळणार असेल, तर पान नुसतं रुंद झाल्याचा आनंद मला होत नाही.

"म्हणजे ताई, नत्र जास्तच द्यायला पाहिजे की," असं तुमच्यापैकी कुणी म्हणेल. नाही. पुरेसं द्यायला पाहिजे, आणि वेळेवर.

गव्हाचा हिशेब मांडते, कारण तो काउंटरवर कुणी मांडताना मला दिसत नाही. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस आहे. निम्मं पेरणीला, निम्मं २१ दिवसांनी, मुकुटमुळं फुटतात तेव्हाच्या पाण्याला. एकराला हा दुसरा हप्ता २४ किलोंच्या आसपास बसतो. युरियात ४६ टक्के नत्र, गोणी ४५ किलोची, म्हणजे एका गोणीत २०.७ किलो नत्र. गव्हाचा हा हप्ता एक गोणी आणि वर सात-आठ किलोत भागतो. त्या पोराने नेल्या दोन. दुसऱ्या गोणीतलं बहुतेक नत्र त्या गव्हाच्या पानात गेलंच नसणार. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात वरून फेकलेला युरिया ओलीवर पडला आणि मातीआड झाला नाही, तर त्यातला बराच अमोनिया होऊन उडून जातो. उरलेला नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली उतरतो आणि विहिरीत जातो. काही भागाचा नायट्रस ऑक्साइड होतो, जो हवा तापवण्यात कर्बवायूच्या २७३ पट आहे. आणि जेवढं पिकाने खरोखर उचललं, त्याने गहू लोळला, मावा आला, तांबेऱ्याला जागा झाली.

यात गोणीच्या किमतीचाही दोष आहे, तुमचा एकट्याचा नाही. २६६ रुपये ५० पैशांत ४५ किलो युरिया मिळतो आणि पालाशाची (पोटॅशची) गोणी घ्यायला गेलं की खिसा रिकामा होतो. मग माणूस स्वस्त तेच जास्त टाकतो. वरून तुम्हाला युरियासोबत नको ते माल घ्यायला लावतात, हेही आम्हाला ठाऊक आहे. ते लिंकिंग शेवटी आमच्या बिलात उतरतं.

आता कांद्याचं. हे लिहायला जड जातंय, पण लिहिते. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ कांदा लागवडीला सत्तर दिवस झाले होते. पातीचे शेंडे थोडे वाळके दिसत होते. एका दुकानात (नाव घेणार नाही, माणूस वाईट नाही) सांगितलं, युरिया द्या, पात उभी राहील. मी दिला. पात उभी राहिली. अशी काळोखी आली की बांधावरून जाणारे थांबून बघायचे. कांद्याचं शेवटचं नत्र लागवडीनंतर साठ दिवसांच्या आत संपवायचं असतं, हे मला ऐकून माहीत होतं आणि तरी मी दिला, म्हणून ती चूक माझीही. काढणीला माना जाड. पात पडता पडत नव्हती. वाळवून, पात कापून कांदाचाळीत भरला. दीड महिन्यात खालच्या थरातून पाणी सुटायला लागलं. हात घातला की बोटं आत जायची आणि वास आठ-आठ दिवस कपड्यांतून जायचा नाही. भाव वर चढायला लागला तेव्हा माझी निम्मी चाळ खड्ड्यात गेली होती. त्या कांद्याला पान कमी पडलं नव्हतं. पान नको तेव्हा मिळालं होतं. पातीतलं सगळं गड्ड्यात उतरायच्या वेळी मी पातीलाच पुन्हा वाढायला लावलं.

हवेत कर्बवायू वाढत जाईल तसा हा मोह वाढणार आहे. पानाला साखरेची कमतरता नसताना जास्तीचं नत्र मिळालं तर पीक पानाच्याच मागे धावतं. द्राक्षात तर तुम्ही रोज पाहता. जर्मनीत गायझेनहाइम इथं द्राक्षबागेतच असे कर्बवायूचे कडे उभारलेत आणि तिथं वेलीची वाढ जास्त झालेली दिसली. आपल्याकडे एप्रिलच्या खरड छाटणीनंतर चाळीस ते साठ दिवसांत काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड धरतो. तेव्हा नत्र आणि पाणी आवरायचं असतं, काडीवर ऊन पडू द्यायचं असतं. त्याच दिवसांत "वेल थांबलीय" म्हणून नत्र सुटलं, तर पानोरा दाटतो, डोळे सावलीत जातात आणि ऑक्टोबर छाटणीनंतर घडाच्या जागी बाळ्या (वेलीचे नुसते ताणे) मोजत बसायची पाळी येते. वर दाट, लुसलुशीत पानोऱ्यात केवडा आणि भुरी हे रोग येतात ते वेगळे, आणि त्यांचं औषध पुन्हा तुमच्याच काउंटरवरून जातं. मला माहीत आहे की कुणी हे ठरवून करत नाही. पण शेतकरी ज्या पैशाने रोगाचं औषध घेतो, त्याच पैशात पान-देठ परीक्षण होतं. खरड छाटणीनंतर पंचेचाळीस दिवसांनी पाचव्या पानाचा देठ तपासला की वेलीला नत्र हवं की नको, ते तीच सांगते.

मका आणि बाजरीचं थोडक्यात. ही दुसऱ्या कुळातली पिकं, ऊस आणि ज्वारीसारखी. पानाच्या आत कर्बवायू गोळा करायची त्यांची स्वतःचीच सोय असते, त्यामुळे हवेतला वाढला तरी त्यांना फारसा फरक पडत नाही. पाण्याचा ताण असेल तर रंध्रं मिटून थोडं पाणी वाचतं, एवढंच. येवला, चांदवड, मालेगावकडे मक्याच्या शेतकऱ्याला "हवेत कार्बन वाढलाय" सांगून कुणी काही विकत असेल, तर त्याला कृपा करून थांबवा.

सोयाबीन-हरभऱ्याची गोष्ट मात्र चांगली आहे आणि ती काउंटरवर सगळ्यात कमी सांगितली जाते. या पिकांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र धरतात आणि त्या बदल्यात झाडाकडून साखर घेतात. कर्बवायू वाढून साखर जास्त झाली, तर गाठींना खायला जास्त मिळतं. म्हणजे गव्हाला जिथे नत्राची अडचण येते, तिथे सोयाबीन स्वतःची वाट स्वतः काढतं. त्या २०१४ च्या अभ्यासातही कडधान्यांचं प्रथिन फारसं घसरलेलं नव्हतं. पण सोयाबीनलाही युरियाचा मारा केला की गाठी धरतच नाहीत, कारण आयतं मिळाल्यावर झाड जिवाणूंना कशाला पोसेल? सोयाबीनच्या बेवडावर (सोयाबीन निघालेल्या रानात) माझा गहू दर वर्षी मक्याच्या बेवडापेक्षा चांगला येतो, आणि त्याला वरचा हप्ताही थोडा कमी पुरतो. रायझोबियमचं, म्हणजे त्या गाठींतल्या जिवाणूंचं, पाकीट किती रुपयांना येतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ते उन्हात, पत्र्याखाली, मुदत संपून पडलेलं नसावं, एवढी काळजी घ्या.

नत्र कुठल्या रूपात मिळतं, यालाही पुढे महत्त्व येणार असं दिसतंय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथले अर्नोल्ड ब्लूम यांचं काम असं सांगतं की कर्बवायू वाढला की गव्हासारख्या पिकाच्या पानात नायट्रेटपासून प्रथिन करायचं काम मंदावतं, अमोनियमच्या बाबतीत तसं होत नाही. सगळ्या शास्त्रज्ञांना हे पटलेलं नाही, वाद चालू आहे. पण युरियाचं मातीत आधी अमोनियम होतं आणि मग नायट्रेट, हे आपल्याला ठाऊकच आहे. २०१५ पासून आपल्याकडचा युरिया कडुनिंबाचं तेल लावूनच येतो, तो हे शेवटचं रूपांतर थोडं लांबवतो. याचा अर्थ एकदम फेकण्यापेक्षा थोडं थोडं, मुळाजवळ आणि वापशावर (रान ना चिखल ना कोरडं असताना) दिलेलं नत्र आजही कामाचं आहे, आणि उद्याच्या हवेत बहुधा आणखी कामाचं ठरेल.

हे सगळं मी कृषी खात्याला लिहिलं नाही, तुम्हाला लिहिते आहे, याचं कारण साधं आहे. एका कृषी सहायकाकडे गावं कितीतरी असतात. विद्यापीठाची पुस्तिका घरात येते, पण फवारणीच्या आदल्या संध्याकाळी सात वाजता ती उत्तर देत नाही. तुम्ही देता. पान हातात घेऊन येणारा माणूस पहिल्यांदा तुमच्यासमोर उभा राहतो. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी दुकान सांभाळून, सुट्टीच्या दिवशी वर्गात बसून देसी (कृषी सेवा केंद्रचालकांसाठीची) पदविका केलीय. नत्राची शिफारस काय आणि का, हे तुम्हाला मी शिकवायची गरज नाही. गर्दीच्या वेळी, मशीन अडलेलं असताना, गिऱ्हाईक घाईत असताना ते सांगितलं जात नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

म्हणून मागणं मोठं नाही. काउंटरवर पर्णरंग तक्ता ठेवा, ज्याला लीफ कलर चार्ट म्हणतात. प्लॅस्टिकची लहानशी पट्टी, फिक्या हिरव्यापासून गडद हिरव्यापर्यंतचे रंग आणि त्यांचे क्रमांक. पंजाबात लुधियानाच्या कृषी विद्यापीठाने गव्हाला, भाताला, मक्याला ती वापरायला शिकवलीय. गव्हाच्या पहिल्या पाण्याचा हप्ता ठरल्याप्रमाणे द्यायचा, आणि त्यापुढचं नत्र द्यायचं की नाही ते दुसऱ्या पाण्याआधी पट्टीवरून ठरवायचं. सकाळी, पानावर स्वतःच्या अंगाची सावली धरून, वरचं पूर्ण उघडलेलं पान पट्टीला लावायचं. दहा रोपं बघायची. सहा किंवा जास्त पानं चार नंबरच्या रंगापेक्षा फिकी असली तर खत, नाहीतर नाही. वरची गोणी विकण्याआधी "पट्टी लावलीत का?" एवढं विचारलंत तरी पुष्कळ आहे.

दुसरं, गिऱ्हाइकाला पिकाचं वय विचारा. कांद्याला किती दिवस झाले, वेलीच्या छाटणीला किती दिवस झाले, आधीचं खत कधी दिलं, रान वापशावर आहे का. साठ दिवसांच्या पुढच्या कांद्याला युरिया मागायला कुणी आलं तर त्याला परत पाठवा. त्या दिवशी तुमची एक गोणी कमी जाईल, पण चाळ टिकली तर तो माणूस पुढच्या लागवडीला रोख पैसे घेऊन येईल.

तिसरं तुमच्या संघटनेसाठी. आपल्या जिल्ह्यात, निफाडला कुंदेवाडीत गव्हाचं संशोधन केंद्र आहे. त्र्यंबक, तपोवन, गोदावरी, नेत्रावती हे वाण तिथलेच. नावंसुद्धा आपल्याच मातीतली. पट्टीचा चार नंबर हा पंजाबच्या वाणांसाठी ठरलेला. आपल्या वाणांना, आपल्या काळ्या रानात, आपल्या थंडीत तो किती असावा, हे इथेच ठरायला हवं. शिवाय प्रयोगांत असंही दिसलंय की हवेत कर्बवायू वाढला की पानाला लागणारं नत्राचं किमान प्रमाणच बदलतं. म्हणजे जुने परीक्षणाचे आकडे पुन्हा तपासावे लागणार, गव्हाचेही आणि द्राक्षाच्या देठाचेही. एकट्या शेतकऱ्याने अर्ज केला तर तो फायलीत जातो. जिल्ह्यातल्या केंद्रचालकांनी मिळून मागणी केली तर तिला वजन येईल. त्या अर्जावर शेतकरी म्हणून सही करायला मी येईन, आणि आमच्या गटातल्या सगळ्या बायकांना घेऊन येईन.

त्या मोटारसायकलवरच्या पोराचं काय झालं, ते मला माहीत आहे. तो आमच्याच शिवारातला निघाला. त्याचा गहू मार्चच्या पहिल्या वाऱ्यात लोळला. विळ्याने कापताना त्याची आई दोन दिवस वाकून होती, कारण लोळलेल्या पिकात हार्वेस्टर चालेना. पुढच्या वेळी मी त्याला दुकानातच थांबवणार आहे. तुम्हाला ते आवडलं नाही तरी चालेल.

येत्या मंगळवारी माझ्या गव्हाला बेचाळीस दिवस होतात आणि त्याच दिवशी दुसरं पाणी आहे. सकाळी दहा रोपांना पट्टी लावीन, आकडे वहीत लिहीन आणि अकराच्या सुमाराला वही घेऊन नेहमीच्या दुकानात येईन. पट्टी माझी स्वतःची आहे. कुणाला ती हंगामभर काउंटरवर ठेवायची असेल, तर मी ठेवून जाईन.

आपली,
निफाड तालुक्यातील एक शेतकरी
पौष